तिसरा सूर आमच्याकडे नव्हता

ओलोमौत्सच्या हॉलमध्ये सगळ्यांत मागे,
जिथे शेगडीची ऊब पोचायची नाही,
तिथे वडिलांच्या तांब्याच्या दोन नगाऱ्यांची जागा.
दिवसा ते घोड्यांची खोगिरं शिवायचे;
कातडं आज रुसलंय की खुशीत आहे
हे त्यांना अंगठ्याने कळायचं.

एका नगाऱ्यात डी, दुसऱ्यात ए.
डी म्हणजे घर, ते म्हणायचे,
आणि ए म्हणजे उंबरा.
उंबऱ्यावर फार वेळ कुणी उभं राहत नाही,
माणूस आत तरी येतो नाहीतर चालू लागतो.
झालं तुझं संगीतशास्त्र.
बाकीचे व्हायोलिनवाल्यांचे लाड.

पण त्या वर्षांतल्या सिंफनींना घरी करमतच नसे.
पहिल्या पानावर घराचा पत्ता सांगायच्या
आणि निघाल्या की निघाल्या,
पाऊण पाऊण तास परक्या पट्ट्यांतून,
हॉर्न पुढे, चेलो धापा टाकत मागे,
आणि आम्ही दोघं घर राखत बसलेलो.
आमची दोन नाणी त्या मुलखात चालत नसत.
मी त्यांच्या पाठीमागे स्टुलावर बसून
विश्रांतीची आवर्तनं मोजायची.
एक्क्याण्णव. ब्याण्णव.
त्र्याण्णवला त्यांच्या कोटाची शिवण ओढायची.

त्या हिवाळ्यात त्यांचा डावा कान गेला.
उजवाही, म्हणजे, नावापुरता.
कुणालाच सांगितलं नाही आम्ही.

मग प्रेरोवच्या शाळामास्तराची सिंफनी आली,
चेनेक ओव्हेस्नी नाव त्यांचं, बाह्यांवर खडू.
डी मायनर. शेवटच्या भागात मधेच
अडतीस आवर्तनांत डी उतरवून बी फ्लॅट करायचा,
एकच ठोका, तोही अगदी हलका,
आणि पुन्हा चढवायचा.
भोवती साठ माणसं वेगळंच काही वाजवतायत,
आणि सहा स्क्रू पाव पाव वळसा फिरवत
कातड्याला गाल लावून
स्वतःचा सूर हुडकायचा.
ऐकू येणाऱ्यालाही घाम फुटतो.

मी हनुवटी त्यांच्या पाठीच्या हाडावर टेकवली
आणि तोंड मिटून बी फ्लॅट गुणगुणले.
हाडातून हाडात.
त्यांचा हात थांबला. अजून पाव वळसा.
ठोका पडला.
वाद्यवृंदाचे म्होरके व्राना यांनी वळूनही पाहिलं नाही.
आमच्या कामात हीच शाबासकी.

आणि मग शेवट.
मायनरचं मेजर होताना काय बदलतं, माहीत आहे?
घर तेच. उंबरा तोच.
मधला तिसरा सूर फक्त अर्धी पायरी वर चढतो,
कोमल असतो तो शुद्ध होतो,
आणि अख्ख्या हॉलला वाटतं, खिडकी उघडली.
नगाऱ्यांना यातलं काही कळत नाही.
दुःखातही डी आणि ए,
आनंदातही डी आणि ए,
तेवढ्याच जोरात.
त्या रात्री तो सूर दुसऱ्या क्लॅरिनेटकडे होता,
पोस्टात टपालाच्या पिशव्या बांधणाऱ्या झाव्रेलकडे.
टाळ्यांत त्याला कुणी उभंही केलं नाही.

परतताना पुलावर हातगाडी हिसकत होती,
दगडी रस्त्याने नगारे आपोआप घुमत होते.
वडील मधेच थांबले.
‘शेवट कसा झाला गं?’ त्यांनी विचारलं.
‘मी वाजवलं सगळं.
पण रडत संपलं की हसत,
ते काही कळलं नाही.’

मोराव्हा नदी अर्धी गोठलेली.
ओरडून सांगता आलं असतं.
मी त्यांच्या मागे गेले,
टाचा उंचावल्या,
हनुवटी नेहमीच्या जागी टेकवली
आणि झाव्रेलचा सूर दिला,
श्वास संपेपर्यंत.

‘अस्सं,’ म्हणाले,
आणि गाडीची दांडी उचलली.